शांत किनाऱ्यावर मुलांना नेताना: आधी भरती पाहा, मग पिशवी भरा

दोन भूशिरांच्या कुशीतला किंवा समोर बेट असलेला किनारा मुलाबाळांना नेण्यासाठी चांगलाच. उघड्या समुद्राच्या लाटांचा जोर तिथे पोहोचेपर्यंत मोडलेला असतो. पण अशा जागी फजिती होते ती लाटांमुळे नाही, तर भरती-ओहोटी आणि वाऱ्यामुळे. शांत पाणी बघून माणूस या दोन्ही गोष्टी विसरतो.

वेळ ठरवणं

त्या किनाऱ्याचं, त्याच तारखेचं भरतीचं वेळापत्रक पाहा. बहुतेक ठिकाणी दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा फरक सहा तासांच्या जवळ जातो. म्हणून गेल्या रविवारी ज्या वेळी मुलं मजेत डुंबली, त्याच वेळी या रविवारी गेलात तर बहुधा ओहोटी असते आणि पाण्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागतं.

पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचणं सगळ्यात सोयीचं. उन्हाने तापलेल्या वाळूवरून पाणी वर चढतं, त्यामुळे काठाला कोमटही असतं. भरतीनंतर तासाभराने मुलांना बाहेर काढायला लागा.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही, आणि इथेच चपला वाहून जातात. पाणी एकूण जितकं चढणार त्याचे बारा हिस्से धरा. ढोबळमानाने ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. फरक ३ मीटरचा असेल तर तिसऱ्या तासात पाणी ७५ सेंटीमीटर चढतं. वाळूचा उतार ५० मीटरला १ मीटर इतका मंद असेल, तर त्या एका तासात काठ ३७ मीटर पुढे येतो. पहिला तास बघून 'पाणी काही येत नाही' म्हणत चटई खाली सरकवणाऱ्यांचं सामान हमखास भिजतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस लहान मुलांसाठी जास्त सोपे.

जोरदार पाऊस पडून गेला असेल तर निदान दोन दिवस पाण्यात उतरू नका. आडोशाला पाणी लवकर बदलत नाही, नाल्यांतून आलेली घाण तिथेच घोटाळत राहते.

बसायची जागा

वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची एक वेडीवाकडी ओळ दिसते. आधीच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. चटई त्या ओळीच्या वर, आणि उधाण जवळ येत असेल तर आणखी दहा-बारा पावलं वर. खाडीच्या तोंडापासून आणि धक्क्याच्या कडेपासून लांब राहा. ओहोटी लागली की पाणी अशा चिंचोळ्या वाटेने जोरात बाहेर ओढलं जातं. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर डुंबायचं त्यांच्या मध्येच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, पाणी कितीही सपाट दिसो.

छत्रीचा दांडा ठोकू नका. पुढेमागे हलवत निदान ४५ सेंटीमीटर आत जाऊ द्या, भोवती ओली वाळू दाबून बसवा आणि छत्री वारा येतो त्या बाजूला थोडी कलती ठेवा. उलट कलवली तर वारा आतून भरतो आणि छत्री उडते. एका पिशवीत वाळू भरून ती दांड्याला बांधली की काम पक्कं.

पाण्यात

मुलांवर नजर ठेवायचं काम एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे सोपवा, १५-२० मिनिटांच्या पाळीने, फोन पिशवीत टाकून. 'सगळे बघतायत' म्हणजे बहुतेक वेळा कोणीच बघत नसतं. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, पाणी गुडघाभर असलं तरी. पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी घ्या. निळा, राखाडी पाण्यात हरवतो.

पाण्यात तरंगायच्या हवेच्या ट्यूब आणि गाद्या फुगवण्याआधी चिमूटभर कोरडी वाळू सोडून पाहा. ती समुद्राकडे उडाली तर सगळं घडी घालून ठेवा. जमिनीवरून सुटलेल्या वाऱ्यात काठाचं पाणी आरशासारखं दिसतं, आणि नेमकं तेव्हाच मुलाला घेऊन गादी आत खोल वाहत जाते. रिकामी गादी गेली तर जाऊ द्या, तिच्यामागे पोहू नका.

उथळ वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) लपलेला असू शकतो, म्हणून पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळ घासत चाला. चाहूल लागली की तो निघून जातो. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिश लागली तर वाळूने चोळू नका, गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा.

ऊन आणि वाळू

तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर मुलांना सावलीत घ्या. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, पाण्यात जाण्याच्या २० मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी अंग पुसल्यावर. मोठ्या माणसाला पूर्ण अंगाला सुमारे ३५ मिलीलीटर लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हात नेऊच नका.

खड्डे खणू द्या, पण सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापर्यंतच. खोल खड्ड्याच्या कडा सुकल्या की अचानक ढासळतात. निघताना खड्डे बुजवा, अंधारात कुणाचा पाय मुरगळायला नको. पायांची वाळू पाण्याने धुवत बसू नका, ओल्या पायाला ती पुन्हा चिकटते. पाय कोरडे पुसा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि हात फिरवा, वाळू आपोआप गळून पडते.