मोडी कागद वाचताना ‘ध’चा ‘मा’ होतो तो इथे

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडते, आत पणजोबांचं खरेदीखत निघतं आणि घरातलं कोणीतरी मोडीच्या वर्गाला जाऊ लागतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर असे कितीतरी जण भेटतात. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. मग खरा कागद पुढ्यात आला की पहिल्याच ओळीत घोडं अडतं आणि शिव्या खातो तो बिचारा कारकून.

पहिली चूक म्हणजे अक्षर-अक्षर लावत बसणं. कारकुनाने आधी ओळभर रेघ ओढलेली असते आणि बोरू फारसा न उचलता तिला अक्षरं टांगलेली असतात. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. वेलांटी एकच, ती दुसरी; उकार एकच, तो पहिला. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ दिसायला सारखेच. अनुस्वार तर बरेचदा गाळलेला असतो. ‘पाडुरग’ दिसलं तर घाबरू नका, तो पांडुरंगच. अशा लेखनात एकटं अक्षर काही सांगत नाही, शेजारची चार अक्षरं सांगतात.

म्हणून सुरुवात ठरीव मजकुरापासून करा. खतात ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘कारणे खरेदीखत लिहून दिल्हे ऐसे जे’, चतुःसीमेतलं ‘पूर्वेस’, ‘दक्षिणेस’ हे येणारच. काय लिहिलंय ते आधीच माहीत असल्यामुळे या कारकुनाचा ‘द’ कसा, ‘क्ष’ कसा, हे तिथे फुकट शिकायला मिळतं. ती वळणं एका कोऱ्या कागदावर उतरवून शेजारी ठेवा. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा हा तक्ता जास्त कामाला येतो, कारण शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतल्या मोडीचं वळण एकसारखं नाही.

अक्षर बरोबर लागूनही अर्थ घसरतो, तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव. मजकूर नावाचं गाव नकाशात शोधत बसू नका. ‘राणोजी बिन भिवाजी’ म्हणजे भिवाजीचा मुलगा राणोजी. ‘गंगाबाई कोम सखाराम’ म्हणजे सखारामची बायको. या ‘कोम’ला ‘कौम’ समजून जातीच्या रकान्यात टाकणारे मी पाहिलेत, आणि वंशावळीत अशी चूक शिरली की पुढचं सगळंच बिघडतं. माझी स्वतःची फजिती निशाणीवर झाली. अंगठ्याऐवजी शेतकऱ्याने नांगराची खूण करायची, बाईने बांगडीची, ही जुनी रीत. माझ्या पहिल्या खतात ‘निशाणी नांगर’ होतं आणि मी खुशाल त्या माणसाचं आडनाव नांगरे करून टाकलं. शेजारी काढलेला नांगर मला शाईचा डाग वाटला होता.

उभ्या रेघांची गोष्ट वेगळीच. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘बु॥’ म्हणजे बुद्रुक. इथे रेघा शब्द तोडल्याची खूण आहेत. पण आकड्यापुढे त्याच रेघा अपूर्णांक होतात: एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘१२॥’ म्हणजे साडेबारा. नवशिके या रेघांना पूर्णविराम समजतात आणि रुपयातले आठ आणे गायब होतात. ताळा घ्यायची सोय कित्येक खतांत केलेली असते. रक्कम २५१ असेल तर पुढे ‘निमे १२५॥’ असं लिहिलेलं सापडतं, आकड्यात कोणी खाडाखोड करू नये म्हणून. निमे दुप्पट केले आणि रक्कम जुळली नाही तर तुमचं वाचन चुकलंय. क्षेत्राचंही असंच. ‘१-२०’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. ते १.२० असं टाइप करून ठेवलं की पुढे वाटणीत भाऊबंदकी ठरलेली.

तारखा घाईने काढू नका. पेशवाईतल्या कागदात सुहूर सन, म्हणजे तेव्हाची सरकारी कालगणना, अरबी शब्दांत येतो आणि एककापासून सुरू होतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजेच ११६१. ‘सबा’ सात तर ‘सबैन’ सत्तर, ‘अर्बा’ चार तर ‘अर्बैन’ चाळीस, आणि घोळ नेमका इथेच होतो. सन मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतो, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. पडताळा पाहायचा तर पानिपत घ्या: लढाई १४ जानेवारी १७६१ ची, सन हाच ११६१. फसली सन, म्हणजे महसुलाचं साल, मात्र वेगळा, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. सुहूरला फसली समजलात तर कागद नऊ वर्षं मागे जातो. ‘छ’ दिसला की तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. अक्षर म्हणून जोडून वाचू नका.

देवनागरीत उतरवताना कारकुनाची भाषा सुधारू नका. ‘दिल्हे’ला ‘दिल्हे’च ठेवा. आजच्या मराठीत अर्थ हवा असेल तर तो वेगळ्या पानावर लिहा. मूळ ओळ संपते तिथे तुमचीही ओळ संपू द्या, म्हणजे पुन्हा ताडून बघता येतं. आणि कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. खिडकीच्या उजेडात नीट फोटो काढून मोठा करून पाहिला तरी बरंच वाचता येतं.

न लागलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह टाकून सोडा. अंदाजाने भरलात तर दुसऱ्या वाचनात डोळ्याला तोच दिसत राहतो. एका खतात ‘पश्चिमेस’च्या पुढचा शब्द मी तीन दिवस असाच सोडला होता. शब्दकोश झाला, वर्गातल्या दोघांना विचारून झालं. शेवटी त्या गावच्या एका आजोबांना फोनवर पुढची-मागची अक्षरं वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘अहो, चिलारीचा ओढा. अजून आहे तिथंच.’