सबस्टिट्यूशनने समीकरणं सोडवताय? आधी हे वाचा

दोन चलांची समीकरणं नुकतीच सुरू झालीत आणि सबस्टिट्यूशन बघून गोंधळ उडतोय अशांसाठी लिहितोय. ज्युनियर पोरांच्या वह्या बघून देतो मी, चुका जवळपास ठरलेल्याच असतात.

मेथड एका ओळीची आहे, एका समीकरणातून एक चल एका बाजूला काढायचं आणि त्याची किंमत दुसऱ्या समीकरणात टाकायची. त्याच समीकरणात परत टाकली तर ० = ० येतं आणि पोरं पेन खाली ठेवून बसतात. डोकं लागतं ते कुठलं चल काढायचं यात, ज्याचा सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) १ किंवा −१ आहे ते पकडा, उगाच अपूर्णांक कशाला.

आता हे बघा:
३क्ष + य = ११
५क्ष − ३य = −५

पहिल्यातून य = ११ − ३क्ष. दुसऱ्यात टाकताना कंस घाला, प्लीज: ५क्ष − ३(११ − ३क्ष) = −५. कंस सुटला की −३३ + ९क्ष, म्हणजे १४क्ष = २८, क्ष = २, य = ५. झालं.

पण निम्मी पोरं इथे −३३ − ९क्ष लिहितात, मग क्ष = −७ आणि य = ३२ येतं. ताळा कुठे करतात तर पहिल्या समीकरणात, −२१ + ३२ = ११, बसलं की हो! बसणारच ना, य त्यातूनच काढलाय, तिथे क्ष काहीही चुकीचा घेतला तरी ते जुळणारच. दुसऱ्यात टाकून बघा, −३५ − ९६ = −१३१, लगेच पकडले जाता. म्हणून ताळा नेहमी ज्यातून चल काढलं नाही त्या समीकरणात, हे कोणी नीट सांगतच नाही राव.

सगळीकडे २, ३, ५ असे सहगुणक असतील तर मी सरळ एलिमिनेशन करतो, म्हणजे समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवतो. पण एक समीकरण य = क्ष + १ आणि दुसरं क्ष² + य² = २५ असं आलं की सबस्टिट्यूशनच कामाला येतं (क्ष = ३, य = ४ मिळेल, पण क्ष = −४, य = −३ विसरू नका).

आणि मधेच दोन्ही चलं गायब झाली तर घाबरू नका, ६ = ६ सारखं खरं काही उरलं तर दोन्ही समीकरणांच्या आलेखातल्या रेषा एकच आहेत, उत्तरं अनंत. ० = ७ उरलं तर रेषा समांतर, उत्तरच नाही, तसं लिहा आणि पुढचं गणित घ्या.