एक्सएमएलमध्ये मराठीची गिचमिड होते? या चुका टाळा

एक्सएमएल म्हणजे टॅगमध्ये माहिती मांडलेली मजकूर-फाईल आणि यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजेच एन्कोडिंग. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत (डिक्लरेशनमध्ये) यूटीएफ-८ लिहिलं म्हणून फाईल यूटीएफ-८ होत नाही. ती ओळ म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. आत साखर भरलीय की मीठ, हे भरणाऱ्याच्या हातात. तरीही गडबड झाली की नवशिका आधी चिठ्ठीच बदलतो.

सर्वांत महागात पडणारी चूक वाचतानाच होते. ग्राहकांची यादी यूटीएफ-८ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाईलमध्ये) असते, पण कोड ती विंडोज-१२५२ (इंग्रजी-युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) समजून उघडतो आणि एक्सएमएल मात्र यूटीएफ-८मध्ये लिहितो. ‘म’चे तीन बाइट २२४, १६४, १७४; प्रत्येक बाइट वेगळं अक्षर ठरतो आणि लिहिताना पुन्हा दोन, क्वचित तीन बाइटचा होतो. ‘मराठी’ शब्द १५ बाइटचा हवा, तो ३१ बाइटचा होतो. पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) गप्प राहतो, कारण फाईल नियमात बसते. बोंब होते ती छापील पावती ग्राहकाच्या हातात पडल्यावर.

खरी गोम पुढे आहे. विंडोज-१२५२मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. नेमके हेच बाइट उकार, हलंत, ए, ऐ आणि झ यांच्या शेवटी येतात. म्हणून पायथन ‘पाटील’ निमूटपणे वाचतो आणि ‘कुलकर्णी’वर अडतो. मग घाईत कोणीतरी एरर्स इग्नोर, म्हणजे न वाचता येणारे बाइट सोडून द्यायचा पर्याय, टाकतं. एरर जाते, सोबत ते बाइटही जातात. नंतर उलटी प्रक्रिया केली तर पाटील परत येतात, कुलकर्णी येत नाहीत. असा कोड दिसला की तो पर्याय आधी काढा, वाचणाऱ्या ओळीत यूटीएफ-८ स्पष्ट लिहा आणि फाईल मूळ डेटातून पुन्हा बनवा. गिचमिड शोधून-बदलून दुरुस्त करणारी स्क्रिप्ट लिहीत बसू नका.

चाचणीला ‘एबीसी’ कधीच वापरू नये, त्यात सगळं पास होतं. ‘झुंजार कुलकर्णी & सन्स’ घाला आणि हेक्स डंपमध्ये (फाईलचे कच्चे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या यादीत) बाइट मोजा. एडिटर स्वतःच अंदाज बांधून दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका.

जावात फाईलमध्ये अक्षरं लिहिणारा नुसता फाईलरायटर वापरला की जावा १८च्या आधी मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग लागतं. विंडोजवर ते बहुधा १२५२, म्हणजे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. त्यांना औषध नाही. एक्सएमएल लिहिणाऱ्या लायब्ररीला थेट आउटपुटस्ट्रीम (अक्षरांऐवजी बाइट स्वीकारणारा मार्ग) द्या; मजकुराचे तुकडे (स्ट्रिंग) जोडून एक्सएमएल बनवायची सवय तर सोडूनच द्या.

डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरवर, म्हणजे मेमरीतल्या मजकुरात, लिहिलं की चिठ्ठी यूटीएफ-१६ची चिकटते आणि फाईल यूटीएफ-८मध्ये सेव्ह होते. तिथेही उपाय स्ट्रीमच.

पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीतून ‘म’ऐवजी &#2350; आलं तर घाबरू नका, तो त्याच अक्षराचा क्रमांक आहे आणि वैध आहे. अक्षरंच हवी असतील तर राइट या फंक्शनला एन्कोडिंग सांगा.

डिक्लरेशनच्या आधी एक स्पेससुद्धा चालत नाही.

वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात ११ क्रमांकाचं कंट्रोल कॅरेक्टर असू शकतं. एक्सएमएल १.०मध्ये ते एस्केप करूनही चालत नाही, काढूनच टाका. पण त्या झटक्यात सगळीच ‘अदृश्य’ अक्षरं साफ करू नका. र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरांचा जोड ठरवणारं न दिसणारं अक्षर) वापरून टाइप केलेल्या ‘दर्‍या’तला जॉइनर गेला, की डोंगरातल्या दर्‍यांचा ‘दर्या’ होतो.