डिझेल फोर-बाय-फोरचं इंजिन बसायच्या आधी

सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की आधी सायलेन्सरकडे बघत जा. आपल्या नागपुरात डिसेंबरात थोडा पांढरा धूर निघतोच, पण इंजिन तापल्यावरही तो थांबेना आणि कूलंटही उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासून घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटका होज (हवेचा पाइप) किंवा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बघा. उमरेडकडच्या धुळीत फिरणाऱ्यांनी आधी फिल्टर उघडावा. इंजेक्टरवर पैसे घालायची घाई गॅरेजवाल्यालाच असते, आणि मी स्वतः गॅरेजवाला आहे.

आता फुकटातली तपासणी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलिंगवर. ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवा. झाकण जरासं थरथरलं, थोडी वाफ आली तर चालतं. ते उडायला लागलं आणि खालून धूर भकाभका आला, तर पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या सीलच्या कड्या) किंवा लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत असं समजा. तोंड जवळ नेऊ नका, गरम ऑइल उडतं.

डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) काळं ऑइल पाहून घाबरू नका, डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेच काळं पडतं. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. आणि न भरताच पातळी वाढली, वर डिझेलचा वास आला, तर गाडी जागेवर बंद ठेवा. डिझेल मिसळून पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंगं जातात. अशी गाडी टो करूनच आणा.