आखाडाची पिल्लं आणि शेडमधली ओल

मृगाचा पाऊस सुरू झाला की मावळ, मुळशी, भोरकडे घराच्या पडवीत कोंबडीची पंचवीस-पन्नास पिल्लं दिसू लागतात. हिशेब आखाडाचा असतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे आषाढ अमावस्येच्या दीड महिना आधी पिल्लं आणावीत. गिरिराज, वनराज या जाती पाळणार असाल तर आखाड विसरा. त्यांना अडीच-तीन महिने लागतात.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश ऊब द्या, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करा. वीज गेली म्हणून शेगडी ठेवाल, तर बंद खोलीत ठेवू नका. कोळशाचा वायू पिल्लांचाही जीव घेतो आणि तुमचाही.

पावसाळ्यात खरी गोम मात्र शेडमध्ये खाली पसरलेल्या भाताच्या तुसाच्या गादीत आहे. छप्पर गळत नाही, तरी गादी ओली कशी, असं अनेकजण विचारतात. कोंबडी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते. त्यातलं बरंच विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं. आपण पावसाच्या भीतीने पडदे गच्च बांधतो आणि ती ओल आत कोंडतो. वाकून पाहिल्यावर तुमचे डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया साठलाय. पिल्लांची तर नाकंच गादीपासून चार बोटांवर!

म्हणून पडदा खालून वर ओढायचा आणि वरची फूटभर फट उघडी ठेवायची. तूस दोन-तीन इंच पसरा आणि रोज सकाळी खालीवर करा. मूठभर तूस दाबून पाहा: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. पाण्याच्या भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच ठेवा. भांड्याभोवती थापलेली ढेकळं काढून तिथे कोरडं तूस घाला. भातपट्ट्यात गिरणीवर तुसाला तोटा नाही, कंजुषी कशाला?

ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतू पिकतात. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा. औषध दिल्यावर किती दिवस कोंबडी कापायची नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मानमोडी रोगासाठी लासोटा लस पिल्लं ५ ते ७ दिवसांची असताना, गंबोरो रोगाची लस १४व्या दिवशी. खाद्याची पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा. बुरशी धरलेला मका उन्हात वाळवला तरी त्यातलं विष जात नाही. तो टाकूनच द्या.