मोटरहोमच्या छतावरचं जुनं सोलर वायरिंग: पॅनल बदलायच्या आधी जॉइंट बघा

मोटरहोमवरचं सोलर आठ-दहा वर्षांचं झालं की चार्जिंग कमी पडायला लागतं आणि पहिलीच शंका येते, पॅनल गेलं वाटतं. थांबा जरा. चांगलं पॅनल वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का उतरतं, म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा ते नव्वद टक्क्यांच्या आसपास काम करत असतं. त्याच्या कितीतरी आधी जॉइंट मान टाकतात. घरावरचं वायरिंग एका जागी बसून म्हातारं होतं, आपलं मात्र ऊन-पाऊस झेलत वर खड्डे खात खात होतं.

मल्टिमीटर सगळेच लावतात, पण चुकीच्या वेळी. वायर सुटी करून मोजलं की बारा व्होल्टवाल्या पॅनलला २१-२२ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो सगळं ओके. पण मीटर स्वतः करंट घेतच नाही जवळपास, त्यामुळे आतून सडलेल्या वायरची एक तार जरी शाबूत असली तरी पूर्ण व्होल्टेज दिसतं. मी असाच दोन महिने फसलो, कंट्रोलरला (पॅनलची वीज सांभाळून बॅटरीत भरणारा डबा) नावं ठेवत बसलो, नवीन घ्यायलाच निघालो होतो. शेवटी लोड, म्हणजे वीज खाणारी उपकरणं, चालू ठेवून मोजलं तर पॅनलपाशी १८ आणि खाली कंट्रोलरच्या इनपुटला १६! दोन व्होल्ट मधेच गायब, करंट १० एम्पियर, म्हणजे २० वॅट कुठेतरी नुसते तापत होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते. वर जाऊन बघितलं तर एका एमसी-फोर कनेक्टरचं (सोलरच्या वायरी जोडायचा टक करून बसणारा प्लग) प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूला बसलेलं, आणि आतली पिन काळी.

तर टेस्ट अशी करा. दुपारचं स्वच्छ ऊन हवं आणि बॅटरी थोडी उतरलेली हवी, कारण बॅटरी फुल असली की कंट्रोलर आपणहून करंट कमी करतो आणि तुम्ही नसलेला फॉल्ट शोधत बसता. फ्रिज, फॅन जे असेल ते चालू ठेवा. पॅनल पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून) असतील तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट दाखवणारा मीटर (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या) प्रत्येक पॅनलच्या वायरला लावा. सारखीच पॅनल असतील, सावली नसेल आणि एक ५ एम्पियर देत असेल, दुसरं २, तर आजारी कोण ते कळलंच. मग मीटरच्या एका प्रोबला लांब वायर जोडा आणि एकाच वायरची दोन टोकं मोजा, वरचा प्लस ते खालचा प्लस. चार स्क्वेअर एमएमची सहा मीटर वायर १० एम्पियरला साधारण ०.३ व्होल्ट खाते, तेवढं चालायचंच. त्याच्या दुप्पट-तिप्पट आलं तर त्या रस्त्यात कुठेतरी जॉइंट खराब आहे. मायनसलाही हेच करा, मायनसकडे कोणी बघतच नाही.

दुरुस्तीच्या आधी एक गोष्ट, आणि इथे घाई नको: चालू करंटवर एमसी-फोर ओढून काढायचा नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, ती खेचली जाते आणि पिना जाळते. पॅनलवर जाड पुठ्ठा किंवा गडद ब्लँकेट टाका, क्लॅम्पने करंट शून्य झालाय बघा, मग कनेक्टर सोडवा. बॅटरीची वायर त्याच्यानंतर. परत जोडताना उलटं, आधी बॅटरी आणि मग पॅनल, नाहीतर काही कंट्रोलर बिथरतात.

जुन्या वायरचं टोक सोललं की आतलं तांबं बघा. चकचकीत असेल तर ठीक. काळं-हिरवं असेल तर अजून दोन बोटं कापा, तरी काळंच असेल तर अजून कापा, आणि हातभर कापूनही तेच असेल तर वायरच बदला, पाणी आत शिरून केशनळीसारखं लांबवर चढलेलं असतं. नवी वायर सोलरचीच घ्या, डबल इन्सुलेशनवाली आणि शक्यतो टिन केलेल्या तांब्याची. घरगुती पीव्हीसी वायर उन्हात कडक होऊन तडकते.

पिन क्रिंपच करा, म्हणजे वायरवर दाबूनच बसवा, एमसी-फोरच्या क्रिंपरने. पक्कडीने दाबलेली पिन ओढून बघा, निम्म्या वेळा हातात येते. नुसतं सोल्डर करणारे पण आहेत, पण सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमका त्याच्याच कडेला तुटतो. अजून एक, जोडीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे ठेवा. वेगवेगळे एकमेकांत बसतात, टक असा आवाजही येतो, पण आतला संपर्क नीट होईलच असं नाही, माझा वितळला तो असाच मिश्र विवाह होता.

वायर छताला घासत असेल तर तिथे कव्हर घाला आणि पांढरे झिप टाय सरळ कापून टाका, ते उन्हात बिस्किटासारखे मोडतात. काळे, यूव्हीवाले लावा. छतातून वायर आत जाते तिथल्या ग्लँडचं (वायर आत घेणाऱ्या बुचाचं) सीलंट तडकलं असेल तर त्याच्यावरच नवीन थापू नका, जुनं खरवडून काढा, विशेषतः सिलिकॉन असेल तर, कारण त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. ग्लँडच्या आधी वायरला खाली झुकलेला झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

खाली कंट्रोलरचे स्क्रू एकदा आवळा, हादऱ्यांनी ते हमखास ढिले झालेले असतात. फ्यूज चांगला दिसला तरी होल्डरला हात लावून बघा, गरम लागला तर होल्डर बदला. आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालायचा मोह झाला तर लक्षात घ्या, फ्यूज वायरला वाचवायला असतो, मोठा घातला की फ्यूजच्या आधी वायर जळेल.

सगळं झालं की दुपारी परत तीच टेस्ट, आणि आकडे कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवा, तारीख, ऊन कसं होतं, बॅटरी किती उतरली होती, प्रत्येक पॅनलचे एम्पियर. माझ्या चिठ्ठीवर आत्ता ५.१ आणि ५.० लिहिलंय, पावसाळा संपला की परत क्लॅम्प घेऊन वर चढणार.