मेंदूत बसवायची चिप बनवताय? या चुका टाळा

प्रोसेसर किती कमी वीज खातो हे प्रत्येक जण हौसेने सांगतो. अख्खं इम्प्लांट किती तापतं, हे विचारलं की मात्र उत्तर मिळत नाही. प्रोसेसर, ॲम्प्लिफायर, रेडिओ या सगळ्यांची उष्णता शेवटी मेंदूच्याच पेशींना सोसायची असते. आजूबाजूचं तापमान साधारण १ अंशापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, हे धरून चालतात. मी आधी पूर्ण इम्प्लांटच्या विजेचा आकडा लिहितो आणि त्यातून प्रत्येकाचा वाटा ठरवतो.

कच्चा डेटा बाहेर पाठवू नका. ९६ चॅनल (एकेका इलेक्ट्रोडचा सिग्नल), सेकंदाला ३०,००० नमुने, प्रत्येकी १० बिट, म्हणजे सेकंदाला २.८८ कोटी बिट झाले; एवढं पाठवायला रेडिओ वीज खातो. ‘आधी सगळं पाठवू, मग बघू’ हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. हात कुठे हलवायचाय हे ओळखायला अनेकदा ३०० ते १००० हर्ट्झ पट्ट्यातली सिग्नलची ताकद मोजली तरी भागतं.

आता वारंवार दिसणारी चूक. एका टीमला सगळ्या चॅनलवर एकाच क्षणी स्पाइक (न्यूरॉनच्या सिग्नलसारखे टोकदार झटके) दिसायचे, दर २० मिलिसेकंदांनी. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे मेन्सचा हम (घरातल्या विजेचा गोंगाट), असं ठरवून ते मोकळे झाले. शिल्डिंग झालं, नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी गाळणारा) झाला, स्पाइक जागेवरच. मी ॲम्प्लिफायरच्या सप्लायवर प्रोब लावला. स्कोपवर दर २० मिलिसेकंदांनी एक बारीक खड्डा. सिग्नलवरून हालचाल ओळखणाऱ्या डीकोडरची बिनही (तो एका वेळी मोजतो तो कालखंड) तेवढीच होती! बिन संपली की झोपलेला प्रोसेसर जागा व्हायचा, एकदम करंट ओढायचा आणि सप्लाय हलायचा. न्यूरॉनचा सिग्नल अनेकदा १०० मायक्रोव्होल्टसुद्धा नसतो, तिथे हा धक्का स्पाइकसारखाच दिसतो. बिन २५ मिलिसेकंदांची केली, तर स्पाइकही २५ वर सरकले. मेन्सचा हम असा सरकत नाही. ॲम्प्लिफायरला वेगळा रेग्युलेटर दिला, प्रोसेसरचे ब्लॉक एकामागून एक जागे केले, प्रश्न मिटला. कारण न शोधता फिल्टर लावायची घाई नवीन लोकांनी सोडायलाच हवी.

क्लॉक (चिपला लय देणारा सिग्नल) थांबवला म्हणून लीकेज (चिप काही करत नसतानाही झिरपणारा करंट) थांबत नाही; रिकाम्या ब्लॉकची वीजच तोडा.

लीकेज २५ अंशांवर मोजू नका. शरीर ३७ वर असतं, आणि तापमान वाढलं की लीकेजही वाढतं.

इम्प्लांटला बिनतारी वीज देणारी बाहेरची कॉइल जरा सरकली की व्होल्टेज पडतं, चिप रीसेट होते आणि डीकोडरचे वेट्स (त्याने शिकलेले आकडे) जातात. ते नॉन-व्होलाटाइल (वीज गेली तरी टिकणाऱ्या) मेमरीत ठेवा आणि चाचणीत कॉइल मुद्दाम हलवून बघा.